आधी उठेल ती शहाणी

कोट बाजूला ठेवायला उचलला, तर कोटाबरोबर माझं बोटही वर आलं. डाव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. मी ते कोटाला शिवून टाकलं होतं. करड्या लोकरीची बाही, कोपराच्या जरा खाली कसरीने खाल्लेली, आणि त्या भोकावर धागे भरता भरता माझी सुई बोटाच्या कातडीतून आतबाहेर करून आली होती, एकदाच नव्हे, आणि मला पत्ता नाही. समोरच्या टेबलावर इस्त्रीवाला होता. तो म्हणाला, "बाई, रक्त." मी विचारलं, कुठल्या शर्टावर? मला वाटलं गिऱ्हाइकाच्या कपड्याचं म्हणतोय. डाग दिसला की तो असाच एका शब्दात सांगतो, तेल, शाई, रक्त. तो इस्त्री उभी करून आला, माझ्याच कात्रीने धागा तोडला आणि माझा हात उलटा करून बघत राहिला. "दुखत नाही?" "नाही." "सुई फार बारीक असेल," तो म्हणाला. भला माणूस. बारीक सुई दुखत नाही असं याला कोणी सांगितलं? बारीकच जास्त दुखते. दुकानाच्या मालकीणबाई आतून आल्या त्या आधी कोटाकडे गेल्या आणि मग माझ्याकडे, आणि मला त्याचं काही वाटलं नाही, कारण मीही आधी कोटाकडेच बघत होते. आमच्या कामात एक ठरलेलं आहे. आपलं रक्त कपड्याला लागलं तर साबण नाही, काही नाही, आपलीच थुंकी लावायची. ज्याचं रक्त त्याची थुंकी. मी दोऱ्याचा गुंडा तोंडात धरून ओला केला आणि डागावर फिरवत बसले. डाग निघाला. मालकीणबाई म्हणाल्या, "आज जरा विश्रांती घ्या," आणि कोट घेऊन आत गेल्या.

रफू म्हणजे शिवणं नव्हे, हे मी जन्मभर लोकांना सांगत आले. शिवणारा दोन कापडं जोडतो. रफू करणारीला नसलेलं कापड आणायचं असतं. त्याच कोटाच्या आतल्या दुमडीतून, जिथे कुणी बघत नाही तिथून, त्याचेच धागे ओढून काढायचे, आणि भोकाच्या जागी उभा धागा, आडवा धागा, एक वर एक खाली असं कापड पुन्हा विणायचं. झालं की डोळे मिटायचे आणि बोट फिरवायचं. डोळा लबाड असतो, दिवा बदलला की तो मत बदलतो, असं मला काम शिकवणारे काका म्हणायचे, बोटाला विचार. बोट अडखळलं की उसवायचं. मी या बोटावर घर चालवलं, नवऱ्याचं आजारपण काढलं, आईला आणून ठेवलं. आणि गेलं वर्षभर माझं बोट कुठेच अडखळत नव्हतं. मी इस्त्रीवाल्याला म्हटलंही होतं, म्हातारपणी हाताला गोडी आली बघ, उसवावं म्हणून लागत नाही. तो हसला होता. मालकीणबाई तिथेच होत्या, त्या हसल्या नव्हत्या. आता पट्टी बांधून बसल्यावर मला ते त्यांचं न हसणं आठवलं. मी उजव्या हाताचं बोट घेतलं, डोळे मिटले आणि सकाळी संपवलेल्या पँटवरून फिरवलं. गुळगुळीत. मग ढिगातून एक शाल ओढली, तिला भोकं होती आणि अजून कुणी सुई लावली नव्हती, तिच्यावरून फिरवलं. तीही गुळगुळीत. डोळे उघडून बघितलं तर बोट नेमकं भोकाच्या काठावर होतं. मी बराच वेळ ते तिथेच ठेवून बसले, जणू त्याला लाज वाटून ते कबूल होईल. वर्षभर मी लोकांच्या कपड्यांवर काय करून ठेवलं असेल?

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीसारख्या, असती तर. त्यांनी मला डोळे मिटायला लावून बोटांना टाचणी टोचली, कधी टोक, कधी डोकं, आणि विचारलं, कुठली बाजू. मी अंदाजाने सांगत गेले. परीक्षेत सांगतात तसं, सारखं एकच उत्तर देऊ नये म्हणून मध्येच बदलून. मग लोखंडाचा चिमटा ठोकून माझ्या घोट्याच्या हाडाला टेकवला. "थरथर जाणवते?" "कसली?" मग त्या म्हणाल्या, पाय जुळवून उभ्या राहा आणि डोळे मिटा, आणि मी मिटले तशी कललेच, त्यांनी धरलं नसतं तर कपाटावर गेले असते. जीभ बघितली. ती बरेच दिवस लालभडक आणि सोललेली होती, चहाने भाजली असेल असं मी समजत होते. जिन्यात पाय चुकतो, ते चपलेमुळे समजत होते. दुपारी दम लागतो, ते वयामुळे. माणूस स्वतःला किती कारणं पुरवतो. "खाता काय?" त्यांनी विचारलं. सकाळी चहा, दुकानात चहा, दोन बिस्किटं, रात्री जरासा भात. "दूध? अंडी? मासे?" मी म्हटलं, "ते आणते मी, आईला लागतं. माझं आपलं चिमणीचं पोट." हे मी हसत सांगितलं. लोक आपली पदवी सांगतात त्या चेहऱ्याने सांगितलं. समोरचा नेहमी म्हणतो, वा, म्हणून तर एवढ्या सडपातळ आहात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे कधीपासून?" मी म्हटलं, पहिल्यापासून. तोपर्यंत माझं हसू तोंडावरच होतं, ते काढून कुठे ठेवावं ते मला कळेना.

पहिल्यापासून म्हणजे त्या खोलीपासून. खोली एकच होती, तिला एक खिडकी, आणि खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. वडील लांब कुठेतरी कामाला होते, त्यांचे पैसे कधी यायचे, कधी नुसताच निरोप यायचा. आम्ही तिघं. ताई मोठी, मी मधली, आणि धाकटा, ज्याला पुढे सगळे उंट म्हणायला लागले, कारण तो वाढतच गेला. एका पातेल्याभोवती उंट आणि चिमणी, पाहुण्यांना ऐकवायला आमच्याकडचा ठरलेला विनोद. आई पातेलं आपल्याजवळ ओढून बसायची आणि वाढायची, आणि वाढून झालं की म्हणायची, "बघू, आधी उठेल ती शहाणी." हा आमचा खेळ होता. दुसऱ्या घरांत मुलं जास्त खाल्लं म्हणून कौतुक करून घेतात हे मला फार उशिरा कळलं, एका मैत्रिणीच्या घरी, आणि तेव्हा मला त्या लोकांची कीव आली होती, हावरट कुठले. ताई ढिम्म बसून राहायची. धाकटा लहान, त्याला खेळ कळायचा नाही, तो ताट चाटायचा. मी उठायची. मी युक्त्या शोधून काढल्या होत्या. आधी पाणी प्यायचं, भरपूर. एक घास तोंडात घोळवत ठेवायचा, तो गोड होईपर्यंत. आणि मग ताटात अर्धं असतानाच उभं राहायचं आणि खिडकीशी जायचं, पाठ करून, म्हणजे दिसत नाही. आई मागून यायची आणि गालावरून हात फिरवायची. "शहाणी गं माझी चिमणी." आई लाड करणाऱ्यातली नव्हती. तिचा हात अंगाला लागायचा तो फटका मारायला किंवा वेणी घालायला. तो गालावरचा हात फक्त मला मिळायचा, ताईला नाही, धाकट्याला नाही, आणि त्याच्यासाठी मी काहीही केलं असतं. शाळेत बाकावर डोकं टेकून झोपायची म्हणून बाई ओरडायच्या. माझी उंची ताईच्या खांद्यापाशी येऊन थांबली ती थांबलीच. इतर मुलींना जे व्हायचं ते मला फार मागाहून झालं. घरात कुणी त्याचा कशाशी संबंध जोडला नाही. नाजूकच आहे ती, म्हणायचे.

आणि मग नाजूकपणा हाच माझा गुण झाला. मुलगी बघायला आलेल्यांना आईने सांगितलं, हिला काही लागत नाही हो, वाऱ्यावर जगते. नवरा चांगला होता, पण चारचौघांत म्हणायचा, "आमच्या हिला पोसायचा खर्च नाही, नुसता चहा घाला." लोक हसायचे, मीही हसायचे. हसायचे काय, फुलायचे. कुणाकडे जेवायला गेलं की मी ताटातलं ढकलत बसायची आणि वाट बघायची की कुणीतरी म्हणेल, अहो, तुम्ही काहीच घेतलं नाही. एक मूल पोटात राहिलं नाही, दुसरंही नाही. त्या वेळच्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या, त्या मला पचल्या नाहीत, सोडून दिल्या. सासूबाई म्हणाल्या, अंगातच नाही तर पोटात कुठून येणार, आणि सगळ्या घरात खरं तेवढंच बोललं गेलं, पण ते मला लागलं, म्हणून मी त्यांच्याशी वर्षभर बोलले नाही. पोटाला चिमटा काढून राहणं म्हणतात ना, मी तो चिमटा इतका जुना करून टाकला होता की तो चिमटा आहे हेच विसरले होते. भूक नावाची गोष्ट मला शेवटची कधी लागली ते आठवत नाही. लोक जेवणाच्या वेळी घाई करतात, चिडतात, ते बघून मला गंमत वाटायची आणि आतून थोडं मोठंही वाटायचं. मी त्यातली नाही.

रक्त तपासून आलं. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. एक जीवनसत्त्व आहे, बी ट्वेल्व, दूध, अंडी, मांस, मासे यांतून मिळणारं, शरीराला अगदी थोडंसंच लागतं, पण ते वर्षानुवर्षं मिळालं नाही की नसांवरचं आवरण झिजत जातं, आणि इतक्या वर्षांनी पोटही ते अन्नातून घ्यायचं विसरतं, म्हणून आता इंजेक्शनं. "रक्त भरून येईल. पाय थोडे सुधारतील. बोटांचं मी खोटं सांगणार नाही. लवकर आला असतात तर." मी विचारलं, किती लवकर. त्या म्हणाल्या, "खूप." मी घरी येऊन ताईला फोन केला, ती दूर असते. मी म्हटलं, तुला आठवतं का, आपण जेवायला बसायचो आणि मी उठायची? ताई म्हणाली, "हो ना, तुला भूकच नसायची." मी म्हटलं, होती. ताई म्हणाली, "मग खायचं ना. मी नाही खायचे?" आणि तिच्याकडे दारावर कुणी आलं म्हणून तिने फोन ठेवला. धाकटा भेटायला आला तो फळांची पिशवी घेऊन, आमच्या दारातून आत येताना वाकून. अजून देखणा दिसतो. खुर्चीत मावत नाही. "तुला पहिल्यापासून कमीच लागायचं," तो म्हणाला, प्रेमाने म्हणाला, आणि दोन केळी त्यानेच सोलून खाल्ली. मला त्याच्या रुंद मनगटाचा राग आला. त्याच्या दातांचा आला. आपलेच दात आपलेच ओठ.

इंजेक्शनं चालू राहिली. दम कमी झाला, जीभ बरी झाली, जिन्यात पाय ठिकाणावर पडायला लागला. रोज सकाळी मी दुकानातल्या माझ्या खिडकीशी बसून एका जुन्या शालीच्या भोकावरून बोट फिरवायची, डोळे मिटून, जीव टांगणीला लावून. आधी वाटायचं, आज काहीतरी लागलं. मग कळायचं, आपल्याला भोक कुठे आहे ते पाठ झालंय. थंडी संपली, लोकरीचे कपडे यायचे बंद झाले, डॉक्टरीणबाई म्हणाल्या आता जे आहे ते असंच राहील. मालकीणबाईंनी मला आत बोलावलं. त्यांनी मान खाली घालून सांगितलं की वर्षभर माझं काम त्या दुसरीकडे पाठवून उसवून परत करून घेत होत्या. गिऱ्हाइकं तक्रार घेऊन परत यायला लागली होती. "तुम्हाला सांगवेना. तुम्ही एवढ्या खुशीत होतात." मी म्हटलं, बरं केलंत. आता मी पुढे बसते, कपडे घेते, चिठ्ठी फाडते, गिऱ्हाइकाशी गोड बोलते. माझ्या खिडकीशी एक गृहस्थ बसतात, चांगलं काम करतात. ते डोळे मिटतात तेव्हा मी दुसरीकडे बघते. इस्त्रीवाल्याने एकदा मला विचारलं, पुढचं काम हलकं पडत असेल नाही? मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही, आणि मग मला वाटलं, सासूबाईंशी वर्षभर आणि याच्याशी दोन दिवस, म्हणजे सुधारले मी.

आईने ऐंशी पार केली. तीन मजले भाजीची पिशवी घेऊन चढते. सुईत दोरा एका दमात ओवते, ओल्या कपड्याला हात लावून सांगते की अजून तास लागेल. तिची बोटं बघून मला काय होतं ते कुणाला सांगण्यासारखं नाही. डॉक्टरांनी खायला सांगितलंय म्हणून सुट्टीच्या दिवशी मी मासे आणते, अंडी उकडते, आणि आम्ही दोघी समोरासमोर बसतो. आई जेवते ते व्यवस्थित, सावकाश, काटा काढून, हाड चोखून. मला चार घासांवर जात नाही. परवा तसंच झालं. भात संपला नव्हता, अंडं तर तसंच होतं, आणि माझे पाय आपोआप उभे राहिले, माझ्या मनात उठायचं यायच्या आधी. आई ताटातच बघत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "शहाणी गं."

मी उभीच राहिले. मला इतका राग आला की कानात आवाज व्हायला लागला. मग मी असं काही विचारलं जे विचारायचं माझ्या डोक्यात कधीही नव्हतं. "आई, तेव्हा मी उठल्यावर माझ्या ताटात उरायचं, त्याचं काय व्हायचं?"

"कुठल्या ताटात?"

"तेव्हा. त्या खोलीत."

ती माशाचा काटा काढत होती. तो काढून ताटाच्या कडेला ठेवला. "काय व्हायचं म्हणजे? मी जेवायचे."

"माझं उष्टं?"

"तुमचं तिघांचं झालं की पातेल्यात काय राहायचं? खरवड. तुझ्या ताटात असायचं तेवढंच."

मी ताटाकडे पाठ करून खिडकीशी उभी असायची. मागे भांड्यांचा आवाज यायचा. आई आवरतेय असं मला वाटायचं. "म्हणजे तू मुद्दाम मला उठवायचीस," मी म्हटलं.

आईने आता माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर ना लाज, ना पश्चात्ताप. कंटाळा होता थोडा, जुना हिशेब कुणी पुन्हा विचारला तर येतो तसा. "मोठी उठली नसती, ती भांडायची. धाकटा रडायचा, आणि त्याचं रडणं शेजारी ऐकायचे. तू ऐकायचीस. तुला एक शब्द गोड बोललं की पुरायचं."

"आणि तू गालावरून हात फिरवायचीस."

"हो, मग? फुकट घेत नव्हते." तिने पाण्याचा घोट घेतला. "मी आडवी झाले असते तर तुम्ही तिघं कुठे गेला असतात? आं? कोण होतं?"

कुणी नव्हतं. हे मला माहीत होतं. ती उभी राहिली म्हणून आम्ही जगलो, ताई, उंट, मीसुद्धा. यात खोट काढायला मी किती शोधलं तिथे उभ्या उभ्या, मला एकही सापडली नाही. निदान तिने रडावं असं वाटलं. "मला सांगायचं तरी होतंस," मी म्हटलं. "मी आपण होऊन दिलं असतं."

"सहा वर्षांची होतीस. त्या वयात कुणी आपण होऊन देतं का? भूक लागायची तुला, मला काय दिसत नव्हतं? झोपेत तोंड हलवायचीस." आई पुन्हा ताटाकडे वळली. "सांगितलं असतं, बाई गं, तुझं मी खाणार आहे, तर उठली असतीस?"

उठले असते, असं म्हणायला मी तोंड उघडलं. ती खोली आठवली, तो तोंडात घोळवून गोड झालेला घास, आणि ताटात सोडलेलं ते अर्धं. उठायची ते त्या हातासाठी. आईच्या पोटासाठी नव्हे. तिचं पोट माझ्या गावीही नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "नसते उठले."

"मग," आई म्हणाली. तिने ताट पुढे केलं. "भात वाढ थोडा. आणि तुझं ते अंडं जात नसेल तर घाल इकडे."

मी खाली बसले. अंडं उचललं. ते गरम होतं की गार, मला कळलं नाही. मी ते तोंडात घातलं, अख्खं, आणि आईकडे बघत चावत राहिले. गळ्याशी आलं, परत लोटलं. भात कालवला आणि तोही खाल्ला, बोटं ताटाला पोचली की नाही ते डोळ्यांनी बघून बघून, शेवटच्या शितापर्यंत. आई ताट पुढे धरून बसली होती. तिचा हात जरासुद्धा हलत नव्हता.

"आता खाऊन काय उपयोग," ती म्हणाली.